रुबेच्या वाटेवरचा आठवडा

रविवार, ६ एप्रिल २०२५. लील

फ्लँडर्सची सायकल शर्यत आज तादेय पोगाचारने जिंकली. ओडे क्वारेमाँटच्या शेवटच्या चढावर तो एकटा निघाला आणि मग अंतर वाढतच गेलं. मॅड्स पेडरसन दुसरा, माट्यू व्हान डर पूल तिसरा. निकाल लागून तास होत नाही तोच इथल्या सगळ्यांच्या तोंडी पुढचा रविवार आला. पुढच्या रविवारी पॅरिस–रुबे.

नावात पॅरिस असलं तरी १९७७ पासून ही शर्यत पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या कॉम्पियेनमधून सुटते आणि बेल्जियमच्या सीमेला लागून असलेल्या रुबे शहरात संपते. यंदाचं अंतर २५९.२ किलोमीटर. त्यातले ५५.३ किलोमीटर शेतांमधल्या जुन्या दगडी रस्त्यांचे, आणि ते ३० पट्ट्यांत विभागलेले. पट्ट्यांचे आकडे उलटे मोजतात. पहिला येतो तो तिसावा, आणि स्टेडियमच्या दारातला शेवटचा तो पहिला. प्रत्येक पट्ट्याला अवघडपणानुसार एक ते पाच तारे असतात. पाच ताऱ्यांचे तीनच: आरेनबर्ग, मों-आं-पेव्हेल आणि कारफूर द लार्ब्र. या तिघांची नावं इथे शाळकरी पोरंसुद्धा सांगतात.

पोगाचार पहिल्यांदाच रुबेला येतो आहे. मार्चच्या अखेरीस हे जाहीर झालं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. टूर द फ्रान्सचा चालू विजेता या दगडांवर उतरल्याला चौतीस वर्षं झाली. १९९१ मध्ये ग्रेग लेमाँड उतरला होता, त्यानंतर कुणी नाही. टूर जिंकणारे लोक इथे येत नाहीत, कारण एप्रिलमधल्या एका पडण्याने जुलैमधली टूर हातची जाऊ शकते. टूर आणि रुबे दोन्ही जिंकणारा शेवटचा माणूस बेर्नार इनो, आणि त्याने रुबे जिंकलं ते १९८१ साली.

माझं मत सुरुवातीलाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या सोमवारी ते ताडून पाहता येईल. रुबे ही पुन्हा पुन्हा येणाऱ्यांची शर्यत आहे. इथे पायांतली ताकद लागतेच, पण कुठल्या पट्ट्याच्या तोंडाशी कितव्या जागेवर असायला हवं, कुठल्या वळणावर धूळ साचते, कुठे मधला उंचवटा सोडून कडेची माती धरायची, हे अंगात मुरायला वर्षं जातात. पोगाचारसारखा सायकलपटू आज जगात दुसरा नाही, हे मला मान्य आहे. तरीही यंदा तो जिंकणार नाही असं मला वाटतं.

सोमवार, ७ एप्रिल

पुण्याहून भावाचा फोन. फ्लँडर्स त्याने पाहिली होती. रुबेबद्दल पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "ताई, यात घाटाचा राजा कोण होतो?"

मुंबई–पुणे शर्यतीवर वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हाच प्रश्न पडणार. बाबा आम्हाला खंडाळ्याला घेऊन जायचे. बोरघाट चढून पहिला वर कोण येतो, यावर सगळ्यांचे डोळे असायचे. मी म्हटलं, "अरे, इथे घाटच नाही. एक टेकाडसुद्धा धड नाही."

मग घोळका फुटतो कशाने, असं त्याने विचारलं. दगडांनी. दगड एकसारखे नसतात. कुणाचं डोकं वर, कुणाचं खाली, मधल्या फटी चाक अडकण्याइतक्या. रस्ता मध्ये फुगलेला आणि कडांना उतरता. त्या मधल्या फुगवट्यावर एका वेळी एकच ओळ नीट धावू शकते, म्हणून दोनशेच्या जवळपास सायकलपटू त्या एका ओळीत पुढे असण्यासाठी पट्ट्याआधीचे पाच किलोमीटर डांबरावर अक्षरशः जिवाच्या आकांताने पळतात. खरी शर्यत पुष्कळदा तिथेच होऊन जाते.

आजची वाईट बातमी योन डेगेनकोल्बची. कालच्या फ्लँडर्समध्ये तो पडला, हाडं मोडली, म्हणजे यंदाचं रुबे गेलं. हा माणूस इथल्या लोकांना आपला वाटतो. २०१५ साली तो जिंकला, तेव्हा १८९६ च्या योझेफ फिशरनंतरचा तो पहिला जर्मन विजेता ठरला. मधे ११९ वर्षं गेली होती. पुढच्याच जानेवारीत स्पेनमध्ये सरावाला निघालेल्या त्याच्या संघावर समोरून एक मोटार चालून आली. त्याचं बोट तुटता तुटता वाचलं. ते वर्ष आणि त्यापुढचं वर्ष त्याला सूर सापडला नाही. आणि मग जुलै २०१८ मध्ये टूर द फ्रान्सचा एक टप्पा याच दगडांवरून रुबेला आला, आणि तो डेगेनकोल्बने जिंकला. त्या दिवशीचं त्याचं रडणं मी विसरू शकत नाही. पुढे सोळा–अठरा वर्षांच्या मुलांची ज्युनिअर पॅरिस–रुबे पैशांअभावी बंद पडायची वेळ आली, तेव्हा लोकांकडून पैसे उभे करण्यासाठी तो पुढे झाला आणि ती वाचली. ऑर्नेंग ते वांदिन्यी हा ३.७ किलोमीटरचा, सगळ्यांत लांब पट्ट्यांपैकी एक. त्याला आता डेगेनकोल्बचं नाव आहे. रविवारी सगळे त्या पट्ट्यावरून जातील आणि तो मात्र घरी असेल.

मंगळवार, ८ एप्रिल

काम संपल्यावर मेट्रोने रुबेला जाऊन आले. एकेकाळी हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर होतं. आता गिरण्या बंद आहेत, विटांच्या उंच भिंती तेवढ्या उभ्या आहेत.

शर्यत जन्मली ती गिरणीवाल्यांच्या डोक्यातून. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन कापड कारखानदारांनी १८९५ साली इथे सायकलींचं स्टेडियम बांधलं. त्याची कीर्ती व्हावी म्हणून त्यांना पॅरिसहून एक शर्यत थेट आपल्या दारात आणायची होती. पॅरिसच्या 'ल व्हेलो' या क्रीडापत्राने व्हिक्तोर ब्रेये या आपल्या माणसाला वाट पाहायला पाठवलं. आमियेंपर्यंत तो मोटारीने गेला, पुढे सायकलने. दिवसभर पाऊस, थंडी आणि हे दगड. चिखलाने माखून रुबेला पोचला तेव्हा शर्यत रद्द करा अशी तार करायचं त्याने ठरवलं होतं. अंघोळ झाली, गरम जेवण झालं, आणि त्याने विचार बदलला. त्या जेवणाचे आपल्यावर उपकार आहेत.

१९ एप्रिल १८९६ ला पहिली शर्यत झाली. फिशर जिंकला. तिसरा आला मोरिस गारँ, लहानपणी धुराडी साफ करणारा आणि पुढे रुबेतच सायकलींचं दुकान टाकलेला. पुढची दोन्ही वर्षं तोच जिंकला, आणि १९०३ ची पहिली टूर द फ्रान्ससुद्धा त्याचीच.

स्टेडियमच्या अलीकडे ३०० मीटरांचा एक दगडी पट्टा आहे. शर्यतीच्या दृष्टीने तो नावापुरताच, पण त्यात विजेत्यांच्या नावांच्या पाट्या बसवल्या आहेत. मी त्या वाचत चालते. १९०९, १९१०, १९११: ओक्ताव्ह लापीझ. सलग तीनदा जिंकणारा पहिला. १९१३: फ्रांस्वा फाबेर. १९१२ आणि १९१४: शार्ल क्रुपलां, रुबेचाच मुलगा. हा पट्टा त्याच्याच नावाने आहे. आणि १९१४ नंतर एकदम १९१९.

फाबेर ९ मे १९१५ ला इथून फार लांब नसलेल्या आर्त्वाच्या रणभूमीवर पडला. लापीझ लढाऊ विमान चालवत होता. १४ जुलै १९१७ ला त्याचं विमान पाडलं गेलं. फाबेर पडला त्याच्या दोनच महिने आधी, मार्च १९१५ मध्ये, लीलच्या पश्चिमेला नव्ह-शापेलला जी लढाई झाली तिच्यात आपल्याकडचे हजारो सैनिक होते. तिथल्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून जास्त नावं कोरलेली आहेत. एकाच पट्ट्यातली ही जमीन. सायकलच्या शर्यतीचा इतिहास वाचताना मी दर वेळी त्या स्मारकापाशी येऊन थांबते.

युद्धानंतर वाट पाहायला आयोजक उत्तरेकडे निघाले, तेव्हा त्यांना गावं सापडली नाहीत. खड्डे, जळालेली झाडांची खोडं, उखडलेली माती. तेव्हाच्या वर्तमानपत्रांत या भागासाठी नरक हा शब्द आला, आणि 'उत्तरेचा नरक' हे नाव शर्यतीला चिकटलं ते कायमचं. आज लोक ते दगडांमुळे पडलं असं समजतात. ते तोफांमुळे पडलं आहे. १९१९ ची शर्यत आंरी पेलिसिएने जिंकली. त्याला बारा तासांहून जास्त लागले, सरासरी वेग ताशी २२.८ किलोमीटर. गेल्या वर्षी व्हान डर पूलचा सरासरी वेग होता ताशी ४७.८. हा तोवरचा उच्चांक होता.

स्टेडियमपाशी न्हाणीघरं आहेत. काँक्रीटच्या कमरेएवढ्या भिंती घालून केलेले कप्पे, वर साखळी ओढून सुरू करायचे जुने फवारे. प्रत्येक कप्प्यावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी. आता बहुतेक सायकलपटू आपापल्या बसमध्येच अंघोळ करतात. जे अजूनही इथे येतात, त्यांच्याविषयी मला जास्त आपुलकी वाटते.

बुधवार, ९ एप्रिल. आरेनबर्ग

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन एका सहकाऱ्याच्या गाडीने आरेनबर्गला गेलो. खाणीचे पोलादी मनोरे लांबूनच दिसतात. खाण बंद आहे. 'जर्मिनाल' या फ्रेंच चित्रपटाचं चित्रीकरण इथेच झालं होतं, आणि २०१२ पासून हा सगळा खाणपट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कामगारांच्या एकसारख्या विटांच्या घरांची रांग संपते आणि जंगल सुरू होतं. जंगलात २,३०० मीटरांचा एक रस्ता, बाणासारखा सरळ. नेपोलियनच्या काळातले दगड. एरवी वाहनांना बंदी आहे.

इथे आलं की पहिल्यांदा भेटतो तो जाँ स्ताब्लिन्स्कीचा दगडी स्मृतिस्तंभ. पोलंडहून आलेल्या कामगाराचा मुलगा. मूळ आडनाव स्ताब्लेव्स्की. एका पत्रकाराने ते चुकीचं छापलं आणि तेच रूढ झालं. बाप लवकर गेला, पोरगा खाणीत उतरला. पुढे सायकलवर नाव काढलं, चार वेळा फ्रान्सचा विजेता आणि १९६२ साली जगज्जेता झाला.

साठच्या दशकात शर्यतीपुढे वेगळंच संकट आलं होतं. गावोगावचे महापौर रस्त्यांवर डांबर घालत होते. दगडी रस्ता दिसला तर आपलं गाव मागासलेलं वाटेल, अशी त्यांना लाज वाटायची. दगड संपत चालले होते आणि शर्यत सपाट, गुळगुळीत होत चालली होती. आयोजकांचा माणूस आल्बेर बूव्हे जुन्या दगडांच्या शोधात वणवण फिरत होता. तेव्हा स्ताब्लिन्स्कीने त्याला या जंगलातल्या रस्त्याची आठवण करून दिली. १९६८ मध्ये शर्यत पहिल्यांदा इथून गेली. या रस्त्याच्या खालीही काम केलेला आणि वरून शर्यतही धावलेला असा तो एकटाच, असं इथले लोक सांगतात. मला या शर्यतीच्या सगळ्या इतिहासात याहून मोठं वाक्य सापडलेलं नाही.

आम्ही पूर्ण पट्टा चालत गेलो. चालतानाही घोटा मुरगळावा असे दगड. झाडांमुळे सावली, सावलीमुळे ओल, ओलीमुळे शेवाळ. गेल्या वर्षी फटींमधलं गवत काढायला इथे बकऱ्या आणून सोडल्या होत्या. 'पॅरिस–रुबेचे मित्र' नावाची एक संस्था आहे. तिचे लोक वर्षभर फावडी, घमेली घेऊन हे रस्ते नीट करतात. डांबर घालण्यासाठी नाही, दगड दगडच राहावेत म्हणून. त्यांना यातून पैसा मिळत नाही.

१९९८ मध्ये योहान मुसेउ इथेच पडला. गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले, जखमेत विष पसरलं, पाय कापायची वेळ आली होती. १९९६ चा विजेता होता तो. पाय वाचला एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. तो परत आला आणि २००० साली जिंकला. अंतिम रेषा ओलांडताना त्याने तोच पाय उचलून गुडघ्याकडे बोट दाखवलं. २००२ साली चिखलातून तो पुन्हा जिंकला.

पोगाचारही फेब्रुवारीत इथे सराव करून गेला. त्याची चित्रफीत मी पाहिली होती. त्याचा वेग पाहून तेव्हाही मी चकित झाले होते. पण रिकाम्या रस्त्यावर, हवी ती ओळ धरून जाणं वेगळं आणि रविवारी पुढच्याच्या चाकामागून, दगड न दिसता जाणं वेगळं.

गुरुवार, १० एप्रिल

संघ आज दगडांवर सरावाला उतरलेत. माहितीतलं थोडं टिपून ठेवते. आता टायर ३० मिलिमीटरहून रुंद असतात, ट्यूबशिवायचे, आणि हवा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. हँडलवर पट्टीचे दोन थर. हात मात्र सैल ठेवायचे. घट्ट धरलं की सायकल उसळते आणि तळव्यांची कातडी जाते. जड गिअर, पाय सतत फिरते, आणि वेग अजिबात सोडायचा नाही, कारण दगडांवर हळू जाणं जास्त धोक्याचं असतं. प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी संघांची माणसं चाकं आणि पाण्याच्या बाटल्या हातात धरून उभी असतात. पंक्चर झालं तर त्या माणसापर्यंत पोचणं हेच पहिलं काम.

रॉजर डे व्लामिंकला पंक्चर फार कमी व्हायची, असं जुने लोक सांगतात. चार वेळा जिंकला (१९७२, १९७४, १९७५, १९७७), चार वेळा दुसरा. चार विजय त्याच्याखेरीज फक्त टॉम बूनेनचे. डे व्लामिंक चिखल-मातीतल्या सायक्लोक्रॉसचा जगज्जेता होता, तिथे चाकाखालची जमीन वाचायला शिकला. व्हान डर पूलचंही तेच. फेब्रुवारीत इथल्याच खाणपट्ट्यातल्या लिएव्हांला त्याने सायक्लोक्रॉसचं सातवं जागतिक विजेतेपद मिळवलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

आज परत येणाऱ्यांचीच आठवण.

जिल्बेर द्युक्लो-लासाल. १९८० ला दुसरा, १९८३ ला दुसरा. मग वर्षांमागून वर्षं काही नाही. १९९२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो जिंकला. पुढच्या वर्षी पुन्हा आला आणि फ्रांको बालेरिनीबरोबर स्टेडियममध्ये शिरला. दोघे रेषेवर एकदम. बालेरिनीने हात वर केले. त्याला वाटलं आपण जिंकलो. फोटो पाहिला तेव्हा द्युक्लो-लासाल आठ सेंटिमीटरने पुढे होता.

२५० हून जास्त किलोमीटर आणि आठ सेंटिमीटर. बालेरिनी इतका खचला की पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही असं म्हणाला. पण आला. १९९५ ला जिंकला, १९९८ ला जिंकला. २००१ मध्ये कारकिर्दीतल्या शेवटच्या रुबेला तो विजेत्यांच्या पुष्कळ मागून स्टेडियममध्ये आला, आणि त्याने जर्सीची चेन उघडली. आतल्या बनियनवर रुबेचे आभार मानणारे दोन शब्द लिहिले होते. २०१० साली एका मोटार रॅलीतल्या अपघातात तो गेला. ज्या रस्त्याने आपल्याला एवढं रडवलं, त्याचे आभार मानून जाणारा माणूस मला फार थोर वाटतो.

जॉर्ज हिंकापी हा अमेरिकन सतरा वेळा इथे उतरला. २००५ ला बूनेनच्या मागे दुसरा. २००६ ला ऐन मोक्याच्या वेळी हँडल आणि पुढचं चाक यांना जोडणारा दांडाच तुटला, आणि हँडल हातात आलेलं असताना तो जमिनीवर. रुबे त्याला कधीच मिळालं नाही.

मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियनला मिळालं. जन्मभर दुसऱ्यांसाठी राबलेला सायकलपटू. फेब्रुवारी २०१६ मध्ये हात मोडला. रुबे सहा आठवड्यांवर. तो गॅरेजमध्ये एका जागी उभ्या केलेल्या सायकलवर पायडल मारत राहिला. एप्रिलमध्ये सुरुवातीलाच पुढे निसटलेल्या गटात शिरला, मागून आलेल्या मोठ्यांबरोबर टिकला, आणि स्टेडियममध्ये बूनेनला हरवलं. हा त्याचा पंधरावा प्रयत्न होता, आणि बूनेनला विक्रमी पाचवा विजय हवा होता. रेषा ओलांडल्यावर हेमनच्या चेहऱ्यावर आनंदाआधी अविश्वास होता. तो फोटो मी जपून ठेवला आहे.

पण माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्टही इथे लिहायलाच हवी. करोनामुळे २०२० ची शर्यत रद्द झाली, २०२१ ची ऑक्टोबरात झाली. २००२ नंतरची पहिली ओली, चिखलाची शर्यत. सोनी कोल्ब्रेल्ली पहिला, फ्लोरियान व्हर्मेर्श दुसरा, व्हान डर पूल तिसरा. तिघेही पहिल्यांदाच आलेले! चिखलाने सगळ्यांच्या अनुभवाची पाटी पुसून टाकली होती, असं मी स्वतःला समजावते. कोल्ब्रेल्लीला मात्र हा विजय राखायला परत येता आलं नाही. पाचच महिन्यांनी एका शर्यतीच्या शेवटी त्याचं हृदय बंद पडलं. जीव वाचला, पण सायकलपटू म्हणून तो पुन्हा उतरू शकला नाही.

शनिवार, १२ एप्रिल. रुबे

आज बायकांची शर्यत. पहिल्या शर्यतीनंतर बायकांना इथे यायला १२५ वर्षं लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये लिझी डिग्नन ८२ किलोमीटर एकटी पुढे राहिली आणि पहिली विजेती झाली. हातमोजे नव्हते. हँडलच्या पांढऱ्या पट्टीवर रक्ताचे डाग होते. तिच्या विजयाचं बक्षीस १,५३५ युरो, दुसऱ्या दिवशी कोल्ब्रेल्लीचं ३०,०००. दगड दोघांनाही तेच. त्यानंतर फरक कमी झाला आहे, पण बायकांच्या मार्गात आरेनबर्ग अजून नाही. त्या देनँहून निघतात. आरेनबर्ग त्यांनाही द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आज पोलिन फेराँ-प्रेव्हो जिंकली, एकटीच आली. मागच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलचं सुवर्ण मिळवून यंदा रस्त्यावर परतलेली. पुरुषांत फ्रेंच विजेता शेवटचा झाला तो १९९७ मध्ये, फ्रेदेरिक गेदाँ. त्यामुळे ती स्टेडियममध्ये शिरली तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा उभे राहिले ते खाली बसलेच नाहीत. तीही या शर्यतीत पहिल्यांदाच उतरली होती. माझं मत पुन्हा डळमळलं. पण सायक्लोक्रॉस आणि डोंगरातली इतकी वर्षं तिच्या गाठीशी होती, हेही खरं.

रविवार, १३ एप्रिल. रुबे

सकाळपासून स्टेडियममध्ये. प्रवेश फुकट, मोठा पडदा, काळ्या सिंहाचे फ्लेमिश झेंडे, तळलेल्या बटाट्यांचा वास. बेल्जियमची माणसं डबे, खुर्च्या घेऊन आलेली.

आरेनबर्गमधून बाहेर पडल्यावर पुढे मोजकेच उरले. पेडरसनला पंक्चर झालं आणि तो गेला. मों-आं-पेव्हेलला यास्पर फिलिप्सन मागे पडला, आणि राहिले दोघेच: पोगाचार आणि व्हान डर पूल. स्टेडियममध्ये एकदम शांतता. पोगाचारच्या अंगावर जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी. इनोही १९८१ ला तीच घालून, वाटेत अनेकदा पडून, जिंकला होता.

आणि मग, साधारण ३८ किलोमीटर उरलेले असताना, एका उजव्या वळणावर पोगाचार वेगात सरळ गेला. वळण त्याला उशिरा कळलं. कठड्याला धडक, सायकल आडवी. तो लगेच उठला, पण व्हान डर पूल निघून गेला होता. त्याचं चुकलं ते एकच वळण. पण नेमकं हेच ज्ञान वर्षांनी येतं, असं मी मागच्या रविवारी लिहिलं होतं.

पोगाचारने पाठलाग सोडला नाही. काही काळ अंतर वीसेक सेकंदांचंच होतं. मग त्याला सायकल बदलावी लागली आणि ते वाढलं. व्हान डर पूललाही शेवटच्या टप्प्यात पंक्चरमुळे सायकल बदलावी लागली, पण तोवर त्याच्या हाताशी वेळ होता. वाटेत एका प्रेक्षकाने त्याच्या तोंडावर भरलेली बाटली फेकली. ताशी चाळीसच्या वेगाने दगडांवरून जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर! ज्याने हे केलं त्याला शिक्षा व्हायलाच हवी. या शर्यतीत प्रेक्षक सायकलपटूच्या हातभर अंतरावर उभा असतो. तो विश्वास गेला तर कुंपणं येतील, आणि मग आरेनबर्ग आरेनबर्ग राहणार नाही.

व्हान डर पूल एकटा आत आला. काँक्रीटच्या ट्रॅकवर दीड फेरी, लोक उभे. पोगाचार १ मिनिट १८ सेकंदांनी दुसरा. पेडरसन तिसरा, वाउट व्हान आर्ट चौथा, आणि पाचवा फ्लोरियान व्हर्मेर्श, २०२१ च्या चिखलातला तोच.

मी लगेच निघाले नाही. मागून येणारे बराच वेळ येत राहिले. कुणाचा गुडघा फुटलेला, कुणाच्या जर्सीचा खांदा फाटलेला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर धुळीचा थर आणि चष्मा काढल्यावर डोळ्यांभोवती तेवढी पांढरी कातडी. त्यांना बक्षीस नाही, पदक नाही. तरीही दीड फेरी कुणी सोडत नाही. बेल्जियमच्या माणसांनी प्रत्येकासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवार, १४ एप्रिल. लील

लापीझ, मोझेर, व्हान डर पूल. सलग तीन वेळा रुबे जिंकणारे १८९६ पासून हे तिघेच. व्हान डर पूलचा क्रम पाहिला तर २०२१ ला तिसरा, २०२२ ला नववा, मग तीनदा पहिला.

माझा अंदाज बरोबर निघाला, पण काठावर. पहिल्याच खेपेला, स्वतःपेक्षा वजनदार सायकलपटूंच्या रस्त्यावर, पडल्यानंतरही पोगाचार दुसरा आला. हे त्याच्या कित्येक विजयांपेक्षा मोठं आहे, असं मी मानते. इनोसुद्धा १९८० ला चौथा आला होता आणि त्याच्या पुढच्या वर्षी जिंकला. पोगाचार पुढच्या एप्रिलात आला, तर ते वळण त्याला ठाऊक असेल. त्याने यावं.